मानेवरचा लाल पट्टा : नागीण की किडा?

प्रश्न : आमची इमारत पनवेलच्या बाहेर, भातखाचरांना लागून आहे. पावसाळ्यात मुलाच्या मानेवर सकाळी अचानक लाल, जळजळणारा पट्टा उठतो. शेजारी नागीण म्हणतात. काय करावे? – एक वाचक, पनवेल

उत्तर : नागीण लहान मुलांना क्वचितच होते आणि दर पावसाळ्यात तर नाहीच. तुमच्या वर्णनावरून हे काम पेडेरस नावाच्या किड्याचे दिसते. तो मुंगीएवढा बारीक, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा असतो. ओल्या शेतात राहून पिकावरची कीड खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच! रात्री मात्र दिव्याकडे ओढला जातो आणि खिडकीतून घरात येतो.

हा किडा चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत आपण त्याला चिरडतो, तेव्हा अंगातले पेडेरिन हे विष कातडीवर पसरते. आग साधारण 12 ते 48 तासांनी सुरू होते, म्हणून कारण लक्षातच येत नाही.

अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच, तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा. फोड फोडू नका, त्यावर चुना किंवा टूथपेस्ट तर मुळीच लावू नका. संध्याकाळी दिवे लावण्याआधी खिडक्या बंद करा किंवा बारीक जाळी बसवा. अंथरूण झटकून, मच्छरदाणीत झोपवा. स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांना विचारूनच लावा. डोळ्याजवळ लाली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.