मशीहाचे कार्य आणि बलिदान : मराठी शब्दांच्या वाटेने

'मसीहा' हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. एखाद्या पुढाऱ्याने चार लोकोपयोगी कामे केली की तो 'गरिबांचा मसीहा' ठरतो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र नेमका आहे. ज्याच्या मस्तकी तेल ओतले आहे असा, म्हणजे अभिषिक्त. मराठी बायबलात तो 'मशीहा' असा येतो. ग्रीक भाषेत त्याचेच 'ख्रिस्तोस' झाले आणि त्यावरून आपण 'ख्रिस्त' म्हणू लागलो. तेव्हा 'ख्रिस्त' हे येशूचे आडनाव नव्हे, ते पद आहे.

हे पद धारण करणाऱ्याने करावयाचे कार्य कोणते, आणि त्या कार्यात त्याचे मरण कसे बसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी धर्मशास्त्राचा नव्हे, मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी आहे. म्हणून मराठीने या विचारासाठी जे शब्द योजले, त्या शब्दांच्या वाटेने मी जाणार आहे. नागपूरकरांना हा विषय परका नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी येथे १८४५ साली आले, त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे, आणि १९७० साली उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे एकीकरण याच शहरात झाले.

प्रथम यहुदी लोकांची अपेक्षा पाहू. प्राचीन इस्राएलात राजाला व मुख्य याजकाला अभिषेक होत असे. यशयाच्या ग्रंथात कोरेश या परक्या इराणी राजालाही देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, कारण त्याच्यामुळे बाबेलच्या बंदिवासातील यहुद्यांना मायदेशी परतता आले. म्हणजे मशीहा हा मुक्त करणारा होय. पुढे रोमन सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांपैकी अनेकांना दाविदाच्या वंशातला, शत्रूचे पारिपत्य करणारा राजा हवा होता. मार्काच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला 'तू ख्रिस्त आहेस' अशा आशयाची ग्वाही देतो. त्यावर येशू आपल्याला दुःख सोसून मरावे लागेल असे सांगू लागतो, तेव्हा हाच पेत्र त्याचा निषेध करतो. राजाने मरायचे, ही कल्पनाच त्याला सोसवत नाही.

ख्रिस्ती विचाराचे मर्म येथे आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, इतरांच्या अपराधांचे ओझे वाहणाऱ्या एका दुःखी सेवकाचे चित्र आहे. यहुदी परंपरेत हा सेवक म्हणजे प्रायः इस्राएल राष्ट्र असे मानतात. पहिल्या ख्रिस्ती मंडळीने मात्र राजा आणि सेवक या दोन्ही प्रतिमा एकाच व्यक्तीत पाहिल्या. पिलाताने वधस्तंभावर 'यहुद्यांचा राजा' अशी पाटी लावली ती उपहासाने. ख्रिस्ती माणूस तीच पाटी श्रद्धेने वाचतो.

आता बलिदानाकडे वळू. येशूचा मृत्यू वल्हांडण सणाच्या वेळी झाला. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण म्हणून त्या सणात कोकरू कापीत. साहजिकच शिष्यांना येशूच्या मरणाचा अर्थ या कोकराच्या भाषेत लागला. हे सारे मराठीत आणताना भाषांतरकारांनी आपल्या व्यवहारातले आणि शास्त्रांतले शब्द घेतले. 'खंडणी', 'प्रायश्चित्त' आणि 'तारण' हे त्यांपैकी तीन शब्द पाहण्याजोगे आहेत.

'खंडणी' म्हटले की आपल्याला इतिहासातल्या स्वाऱ्या आठवतात आणि आज वर्तमानपत्रातील गुन्हे आठवतात. मूळ ग्रीक शब्द गुलामाला किंवा कैद्याला सोडविण्यासाठी द्यावयाच्या मोलाचा आहे. पण मोल म्हटले की ते घेतले कोणी, हा प्रश्न आलाच. प्राचीन काळी काही ख्रिस्ती आचार्यांनी ते सैतानाला दिले असे म्हटले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने हे नाकारले. माणसाने पापामुळे देवाचा जो मान हिरावला त्याची भरपाई ख्रिस्ताने केली, असे त्याने मांडले. पुढच्या पिढीतील आबेलारने भर दिला तो प्रेमावर. त्या मरणात देवाचे प्रेम दिसते आणि ते पाहून माणसाचे हृदय पालटते, असे त्याचे म्हणणे. या मतांपैकी एकच खरे, असा एकमुखी निर्णय ख्रिस्ती जगाने आजवर दिलेला नाही.

'प्रायश्चित्त' हा शब्द आणखी अडचणीचा आहे. आपल्या धर्मशास्त्रात ज्याने पाप केले त्यानेच प्रायश्चित्त घ्यावयाचे असते. येथे ते निरपराध माणसाने घेतले आहे. 'तारण' या शब्दाला तर दुहेरी अर्थ आहे. तारणे म्हणजे बुडत्याला वाचविणे, आणि सावकारी व्यवहारात तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू. एका अर्थात माया आहे, तर दुसऱ्यात हिशेब आहे. ख्रिस्ती विचारातील दोन प्रवाह या एका मराठी शब्दात योगायोगाने शेजारी येऊन बसले आहेत, असे मला वाटते.

मराठी कवितेने यातला कोणता प्रवाह जवळ केला? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात राचोल येथे 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच येतो. त्यानंतर तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हीच कथा 'ख्रिस्तायन' या नावाने हाती घेतली. टिळकांचा आणि नागपूरचा संबंध प्रसिद्ध आहे. ते येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करीत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या अभंगांतला ख्रिस्त सावकाराचे देणे चुकविणारा नाही, तो गुरू आणि माउली आहे. तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. नागपुरात तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात त्यांनी 'मार्गदाता' आणि 'मोक्षदाता' असा भेद केला आहे. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्ष देण्याचा दावा केला नाही, असे ते दाखवून देतात. दुसरा कोणी माझ्यासाठी मेला म्हणून मी सुटलो, तर माझ्या जबाबदारीचे काय? प्रश्न रोखठोक आहे.

ख्रिस्ती परंपरेला हा धोका अज्ञात नव्हता. याकोबाच्या पत्रात क्रियेवाचूनची श्रद्धा निर्जीव ठरविली आहे. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर कडक टीका केली. हिटलरला विरोध केल्याबद्दल १९४५ साली त्याला फाशी झाली. येशूनेही अनुयायांना स्वतःचा वधस्तंभ उचलून मागे येण्यास सांगितले होते. म्हणजे त्याच्या मरणाने शिष्याची जबाबदारी संपत नाही, सुरू होते. या उत्तराने आक्षेप पूर्णपणे मिटतो असे मी म्हणणार नाही. मोक्षदाता मानणे व न मानणे हा श्रद्धेतला खरा फरक आहे, आणि तो पुसून टाकण्यात काही हशील नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच भेद : स्वतः केलेला त्याग आणि दुसऱ्यावर लादलेला त्याग. योहानाच्या शुभवर्तमानातला येशू आपला प्राण आपण होऊन देतो, तो कोणी हिरावून घेत नाही. आपल्या समाजात मात्र त्यागाची थोरवी गाणारे पुष्कळदा तो दुसऱ्याकडून मागतात. टिळकांच्या धर्मांतराची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. न विचारता त्यांच्यावर येऊन पडलेला तो दीर्घ विरह, ती अपकीर्ती आणि ती तगमग 'स्मृतिचित्रे'त वाचावयास मिळते. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले तेव्हा 'ख्रिस्तायना'चे अकराच अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांच्या निधनानंतर, १९३८ साली, ते महाकाव्य प्रसिद्ध झाले.

म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानापर्यंतची कथा मराठी महाकाव्यात आणण्याचे काम शेवटी अशा स्त्रीकडे आले, जिने लादलेला त्याग आणि स्वेच्छेचा त्याग हे दोन्ही अनुभवले होते. मशीहाच्या बलिदानावर श्रद्धा ठेवावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण कोणी आपल्यासमोर त्यागाचे गोडवे गाऊ लागला, तर किंमत कोण देत आहे, एवढे आपण अवश्य विचारावे. ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर असे की, वधस्तंभावर ती राजाने स्वतः दिली.