गोफ विणणें व गोफ उकलणें

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे शाळेंत नृत्याचे चार-पांच कार्यक्रम ठरतात. त्यांकरितां चपळ व धीट अशीं मुलें निवडिलीं जातात. उरलेलीं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. एका मातेनें आम्हांस विचारिलें, "सर, माझा मुलगा पांच वर्षें टाळ्याच वाजवीत आहे. त्याची पाळी केव्हां येणार?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

नृत्याचे दोन प्रकार मानितां येतील. एक पाहणाऱ्यांसाठीं असतें; दुसरें नाचणाऱ्यांसाठींच असतें. मंगळागौरीचा झिम्मा व फुगडी हीं दुसऱ्या जातीचीं. तेथें पाहणारें कोणी नसलें तरी खेळाचें कांहीं अडत नाहीं. अमेरिकेंतील 'स्क्वेअर डान्स', म्हणजे चौकोनी नृत्य, हेंही याच जातीचें. त्यांत चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंस एकमेकांकडे तोंड करून उभ्या राहतात. बाजूला एक पुकारणारा असतो. तो वाद्याच्या तालावर पुढची चाल मोठ्यानें सांगतो व आठही जण तसे वागतात. हात धरिले जातात, सुटतात, जोडीदार बदलतात, आणि अखेरीस प्रत्येक जण आपल्या मूळ जागीं परत येतो. सबंध नृत्य पाठ असण्याचें कारण नाहीं. थोड्या चाली ठाऊक असल्या व कान सावध असले म्हणजे झालें.

या नृत्याचें मूळ इंग्लंडांतील ग्रामीण नृत्यांत व फ्रान्सांतील जोडीनृत्यांत आहे. १६५१ सालीं जॉन प्लेफर्ड यानें लंडन येथें इंग्रजी नृत्यांचें पुस्तक छापिलें. पुढें वसाहतवाल्यांबरोबर हे खेळ अमेरिकेंत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते मागें पडूं लागले होते. त्यांस पुन्हा उभें करणाऱ्यांत लॉइड शॉ हा एक शाळाधिकारी होता, हें आम्हां शिक्षकांस विशेष वाटतें. कोलोरॅडो प्रांतांतील शायेन माउंटन शाळेंत त्यानें विद्यार्थ्यांस हीं नृत्यें शिकविलीं, त्यांस घेऊन ठिकठिकाणीं प्रयोग केले, व १९३९ सालीं 'काउबॉय डान्सेस' हें पुस्तक प्रसिद्ध केलें.

आतां आपल्या घरचा ठेवा पाहूं. महाराष्ट्रांत व गोमंतकांत गोफ नांवाचा खेळ आहे. गोमंतकांत शिमग्याच्या सणांत शेतकरी तो खेळतात. मध्यभागीं उंच कड्यास रंगीत दोऱ्या बांधतात व प्रत्येक जण एकेक दोरी धरितो. आठ मुलें असल्यास चौघांनीं एकाआड एक उजवीकडे तोंड करावें, चौघांनीं डावीकडे. उजवीकडे जाणारा समोरच्या पहिल्या गड्यास बाहेरून ओलांडतो, दुसऱ्यास आंतून, तिसऱ्यास पुन्हा बाहेरून. डावीकडे जाणारा आधीं आंतून व मग बाहेरून जातो. बाहेरून जाणाऱ्याची दोरी आंतल्याच्या डोक्यावरून जाते. अशा रीतीनें वर वेणी विणली जाते.

गणिताची आवड असणाऱ्यांनीं येथें थोडें थांबावें. सारे समान वेगानें चालले तर पूर्ण फेरींत प्रत्येकास समोरून येणाऱ्या चौघांपैकीं प्रत्येक जण दोनदां भेटतो. म्हणजे एकूण आठ भेटी झाल्या. यांतील एक भेट चुकली कीं वेणी बिघडली.

परंतु खरी परीक्षा उकलण्यांत आहे. गोफ विणून झाला म्हणजे सर्वांनीं पाठ फिरवावयाची व आलेल्या वाटेनेंच परत जावयाचें. ज्याला शेवटीं बाहेरून ओलांडलें, त्याला आतां प्रथम पुन्हा बाहेरूनच ओलांडावयाचें. आपण कसे आलों हें ज्याच्या ध्यानांत नाहीं, त्यास परत जातां येत नाहीं.

या वर्षीं आम्हीं शाळेंत गोफ लाविला व वर सांगितलेल्या मुलास एक दोरी दिली. तिसऱ्या फेरींत गांठ पडली. आठही मुलें थांबलीं व परस्परांकडे बोट दाखवूं लागलीं. कोणी दोरी ओढली, तों गांठ अधिकच आवळली. कांहीं वेळानें तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, मी बाहेरून जावयाचा तों आंतून गेलों." आपणांस पुन्हा सतरंजीवर बसविणार, हें भय त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतें. आम्हीं म्हटलें, "बरें झालें सांगितलेंस, आतां सारे तेथपर्यंत मागें चला." सारे एकेक पाऊल मागें गेले. गांठ सुटली व खेळ पुढें चालला. संमेलनाच्या दिवशीं तो मुलगा दोरी धरूनच उभा होता.

आमच्या ख्रिस्ती समाजांतील कांहीं वडील मंडळींस नाच हा शब्दच खटकतो. त्यांस आम्ही नम्रपणें स्मरण देतों कीं, कराराचा कोश यरुशलेमेस आणितांना दावीद राजा स्वतः नाचला. आणि खिडकींतून पाहून त्याला तुच्छ लेखणारी मीखल ही तेवढी त्या आनंदाबाहेर राहिली. कांहीं पालक म्हणतात, अभ्यासाचा वेळ जातो. परंतु लक्ष देणें, क्रम ध्यानांत ठेवणें व चूक कबूल करणें हा अभ्यास नव्हे काय?

आमच्या या भागास तर अशा खेळाची विशेष गरज आहे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें चिंचवड, भोसरी व चाकण येथपर्यंत कारखाने पसरले. संग्रामदुर्गासाठीं व कांद्याच्या बाजारासाठीं ओळखल्या जाणाऱ्या चाकणांत आज दूरदूरच्या प्रांतांतून लोक पोटासाठीं येतात. एकाच जिन्यावर चार भाषा बोलल्या जातात, व शेजाऱ्याचें नांव शेजाऱ्यास ठाऊक नसतें. त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत एका बाकावर बसतात. ज्यास मराठी नीट येत नाहीं त्यासही दोरी धरितां येते, आणि एकदां धरिली म्हणजे त्याच्यावांचून वेणी पुरी होत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत अंगणांतील झाडास किंवा इमारतीच्या मंडपास आठ दोऱ्या बांधून पाहाव्या. चार मुलें घरचीं घ्यावीं, चार शेजारचीं घ्यावीं. विद्यार्थ्यांनीं गांठ पडल्यास ओढाताण करूं नये. आपलें पाऊल कोठें चुकलें तें पाहावें, तें सांगावें, आणि सर्वांबरोबर मागें येऊन पुन्हा विणावयास लागावें.