पाऊस ओसरल्यावर स्टीलहेड

प्रश्न : सिएटलला राहतो. जानेवारीत होह नदीवर स्टीलहेड माशासाठी फ्लाय फिशिंगला जायचं आहे. पावसानंतर किती दिवस थांबावं?

उत्तर : दिवस मोजू नका, पाणी बघा. नदी चढत असताना गळ टाकण्यात अर्थ नाही. पाणी उतरू लागलं, गढूळपणा जाऊन हिरवट झाक आली आणि गुडघाभर पाण्यात बुटांची टोकं अंधूक दिसू लागली, की निघा. पाणी ४-५ अंश सेल्सिअसवर असेल तर मासा सुस्त असतो, फ्लायमागे लांब धावत नाही. म्हणून बुडणारी दोरी लावून फ्लाय खोल, सावकाश वाहू द्या. शेपटीअलीकडचा पाठीवरचा छोटा पर शाबूत असेल, तर मासा नैसर्गिक पैदाशीचा समजा. तो पाण्याबाहेर न उचलताच सोडायचा. नियम हंगामातही बदलतात; निघण्यापूर्वी जरूर तपासा.