संशोधनाचा पैसा कोणाचा?

बाळाच्या वाढीची पावडर असो की गुडघेदुखीचे तेल, 'संशोधनाने सिद्ध' असे छापलेले डबे जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत घरोघर दिसतात. ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आम्ही तेच डब्यावरच्या छापील शब्दांना लावतो.

चांगल्या वैद्यकीय नियतकालिकात लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत तीन गोष्टी असतात : कोणत्या लेखकाने काय काम केले, पैसा कोणी दिला, आणि लेखकाला त्या कंपनीकडून पगार, मानधन किंवा शेअर मिळतात का. असा संबंध असला म्हणून लेख खोटा ठरत नाही. पण वाचणाऱ्याला तो माहीत हवा.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत अभ्यास झाला. निकाल २००९ मध्ये अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. साधारण तेवढ्याच मोठ्या, पण तपासणी न दिलेल्या गटात ६४. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता आणि तसे लेखात छापले आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला असाच अभ्यास अमेरिकन सरकारच्या पैशातून झाला. मग तपासणीविना ठेवलेल्या गरीब बायांचे काय, हा प्रश्न 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये जाहीरपणे मांडला गेला. पैसा देणाऱ्याचे नाव छापलेले होते, म्हणून जाब कोणाला विचारायचा ते कळले. नाव छापले की न्याय झाला, असे मात्र आम्ही मानत नाही.

उद्या तुमच्या दारात कोणी अभ्यासासाठी रक्त मागायला आले, तर संमतिपत्र मराठीत मागा, वाचून घ्या, एक प्रत घरात ठेवा. पैसा कोण देतो आणि आपण दुसऱ्या गटात गेलो तर काय मिळणार, हे विचारा. नाही म्हटले तरी दवाखान्यातले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. नव्या औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. त्या नोंदीत पैसा देणाऱ्याचे नाव असते आणि ती मोबाईलवर फुकट पाहता येते. घरातल्या शिकणाऱ्या पोरीला शोधायला लावा.

आणि तिशी ओलांडलेल्या बायांनो, गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. कोणत्या दिवशी, ते आशाताईंना विचारा.