कमी भांडवलात संकलनाचा संगणक : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

लग्नाचे चित्रीकरण करणारे, कव्वालीच्या मैफली ध्वनिमुद्रित करणारे, दुकानांच्या जाहिराती तयार करणारे अनेक तरुण कारागीर आता संकलनासाठी स्वतःचा संगणक घेऊ पाहतात. भांडवल थोडे असते. बाजारात रंगीत दिव्यांची पेटी आणि भारी ग्राफिक कार्ड पुढे केले जाते आणि बराचसा पैसा तेथेच संपतो. सुतार आधी काम पाहतो, मग हत्यार निवडतो. येथेही तोच नियम पाळावा.

काम आधी मोजावे

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा स्टीरिओ ध्वनी एका तासाला सुमारे १ जीबी जागा घेतो. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करत असेल, तर त्याच एका तासाचे ४५ जीबी होतात. म्हणून फक्त ध्वनीचे काम करणाऱ्याला वेगळ्या ग्राफिक कार्डाची गरज नाही. त्याने तो पैसा चांगला मायक्रोफोन आणि ऑडिओ इंटरफेस यांवर घालावा.

पैसा कोठे घालावा?

१) प्रोसेसर : सहा कोअरचा पुरेसा आहे. आजचे कॅमेरे व मोबाइल चित्रण दाबून साठवतात आणि ते उलगडण्यातच संगणक दमतो. इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक हे काम बरेच हलके करते. मात्र ज्याच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ अक्षर असते, त्यात ते ग्राफिक नसते. वेगळे कार्ड घ्यायचे नसेल तर असा प्रोसेसर घेऊ नये. पडद्यावर चित्रच येणार नाही.

२) रॅम : १६ जीबीपेक्षा कमी नको, फोर-के कामाला ३२ जीबी बरी. १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घेतल्यास वेग मिळतो, कारण अंगभूत ग्राफिक हीच रॅम वापरते. मदरबोर्डला चार खाचा असल्या तर पुढे रॅम वाढवणे सोपे जाते.

३) साठवण : विंडोज आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे. साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडीही पाचशेच्या वर जाते. झालेले काम ठेवण्यास मात्र हार्डडिस्कच स्वस्त पडते.

कोठे वाचवावे?

शोभेची पेटी, दुसरा मॉनिटर आणि ग्राफिक कार्ड नंतर घेता येतात. हप्त्याच्या ओझ्याखाली सगळे एकदम घेण्यापेक्षा मिळकत होईल तसे वाढवत जावे. कार्यालयांतून निघालेले जुने संगणकही चालतात. परंतु इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे घेऊ नयेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेल कोअर यंत्रांत साधारणपणे आठवी पिढी लागते.

यंत्र अडखळत असेल तर ‘प्रॉक्सी’ वापरावी. म्हणजे चित्रणाची हलकी प्रत करून तिच्यावर काटछाट करावी. शेवटची फाइल तयार होताना सॉफ्टवेअर मूळ चित्रणच वापरते. चोरीचे सॉफ्टवेअर घेऊन व्हायरस घरात आणू नये. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ध्वनीसाठी ऑडॅसिटी यांवर धंदा सुरू करता येतो.

कोठे काटकसर नको?

हलका पॉवर सप्लाय जळताना इतर भागही घेऊन जाऊ शकतो. तो नावाजलेल्या कंपनीचा असावा. सोबत यूपीएस व जागेला अर्थिंग असावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेताना चार दुकानांत भाव विचारावा, पण पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये. बिलावर भागाचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची खरेदी म्हणजे दुसरी हार्डडिस्क. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो. एखाद्याच्या घरच्या निकाहचे चित्रण गेले तर ते पैसे परत देऊनही भरून येत नाही आणि त्या मोहल्ल्यातले पुढचे कामही जाते. म्हणून दोन वेगळ्या डिस्कवर प्रत उतरवून, दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.