नव्या पेटीचे कानमंत्र

लेकरा, गुलमंडीच्या गच्चीवर सातेरी मधमाश्यांची पेटी बसवलीस, फार बरं केलंस. आता पहिले काही महिने मधाचं नाव काढू नकोस. आधी माश्या वाढतात, मग पोळं वाढतं, मध त्याच्या मागून येतो. काही गोष्टी आत्ताच कानावर घालतो.

१. पेटी मांडताना ओळंबा लाव, नजरेवर विसंबू नकोस — माश्या पोळं सरळ खाली उतरवतात. पेटी कुशीवर कलली की पोळं आपली चौकट सोडून शेजारच्या चौकटीला चिकटतं. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, मुंग्या चढणार नाहीत.

२. चौकटी मावतात म्हणून सगळ्या घालू नकोस. माश्यांनी झाकलेल्या असतील तेवढ्याच ठेव आणि पुढे फळी लावून जागा आवळ — अंडी-अळ्यांना ३४-३५ अंशांची ऊब लागते, अन् ओसाड पेटी तापवायला थोडक्या माश्यांचा जीव पुरत नाही. घर माणसांनी भरतं, खोल्यांनी नाही.

३. रोज संध्याकाळी साखरेचा पाक दे, जेवढी साखर तेवढंच पाणी, गार करून, पेटीच्या आत, वर चार काड्या टाकून — माश्या मेण बाहेरून आणत नाहीत, ते त्यांच्या अंगातून येतं. साधारण १२ ते १८ दिवसांच्या कामकरी माशीच्या पोटाखालून अभ्रकासारखी पातळ कपची सुटते. ती तोंडात मळून मळून माशी भिंत उभी करते. किलोभर मेण व्हायला कितीतरी किलो मध खर्ची पडतो, मग नव्या वसाहतीने तो आणायचा कुठून? झाकण अलगद उचललंस तर पायात पाय अडकवून लोंबलेली माश्यांची माळ दिसेल. ती दिसली की समज, बांधकाम चालू आहे. झाकण परत ठेव.

४. गूळ किंवा काकवी चुकूनही नको — माश्यांना हगवण लागते. पाकाचा थेंब बाहेर सांडला तर तेव्हाच पुसून घे, नाहीतर वासावर दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटायला येतात.

५. पाक बंद करायची घाई करू नकोस — सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतबाहेर फिरते, हिमायतबागेतली झाडं तिला इथून लांब पडतात. उपाशी माशी मग मिठाईच्या दुकानातल्या पाकाकडे वळते आणि तिथेच बुडून मरते. आसपासचा शेवगा, चिंच, कडुनिंब फुलावर आला की पाक कमी करत जा.

६. नवी चौकट अंडी-अळ्यांच्या पोळ्यालगत, पण कडेला सरकव. मधोमध घुसवू नकोस — पिल्लांचा बिछाना दुभंगला की अर्धी पिल्लं गारठतात.

७. मेणपत्रा सातेरीचाच माग — मेलिफेरा ही दुसऱ्या जातीची माशी, तिच्या पोळ्यातली घरं मोठी असतात. तो पत्रा सातेरीच्या मापात बसत नाही आणि पोळं वेडंवाकडं होतं.

८. पेटी आठ-दहा दिवसांनी एकदा उघड, सकाळच्या कोवळ्या उन्हात, ऊन पाठीशी घेऊन — घराच्या तळाशी उभं असलेलं बारीक पांढरं अंडं तरच दिसतं. राणी शोधत बसू नकोस. अंडी दिसली म्हणजे तीन दिवसांत राणी तिथून फिरून गेली आहे. राणीचा पत्ता अंड्यांना विचारावा.

९. दाराची राणीजाळी अळ्या दिसू लागल्या की काढून टाक — सातेरी नव्या घरातून पळायला टपलेलीच असते, म्हणून सुरुवातीला जाळी हवी. पण पुढे तिच्यात नर अडकून मरतात.

१०. तळफळी आठवड्याला पूस — खाली साचलेल्या मेणाच्या चुऱ्यातच मेणकिडा वाढतो.

११. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वर सावली, ओलं गोणपाट आणि जवळ खडे टाकलेलं पाण्याचं परळ हवंच — मेण वितळायला साठीच्या वर पारा लागतो, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं. नवं पांढरं पोळं भारानं तुटून खाली येतं.

१२. शेजाऱ्यांना आधी सांग, मग पेटीला हात लाव — त्यांच्या डोळ्यांपुढे अजिंठ्याच्या कड्यावरचं आग्यामोहोळ असतं. ती माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, पेटीत राहत नाही. सातेरी अंधारात ओळीने पोळी बांधते आणि स्वभावाने पुष्कळ शांत, हे त्यांना समजावून सांग. विसर्जनाची मिरवणूक गुलमंडीवरून जाईल त्या दिवशी पेटी उघडूच नकोस.

१३. एकदा रीतसर शिकून ये — महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदानही मिळतं. जमलं तर मांघर बघ, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ते जाहीर झालं. तिथल्या म्हाताऱ्या मधपाळाशेजारी बसून चौकट कशी उचलतात ते नुसतं पाहा.

१४. वसाहत भरली की जानेवारी-फेब्रुवारीत, मोसंबीचा आंबिया बहर फुलला की, पेटी पैठणकडच्या एखाद्या बागेत ने. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्यावर दाराला बारीक जाळी लावायची अन् रातोरात पोचायचं. पण बागवानाला फवारणीचं आधी विचार. फुलावर औषध मारणार असेल तर पेटी गच्चीवरच राहू दे — सकाळी मकरंदाला गेलेली माशी विष घेऊनच परत येते.