तू जे विचारशील, तेच शाळा करेल

चि. मनू हिस,


नेमणुकीचा आदेश दादाने फोनवर वाचून दाखवला, फार आनंद झाला. मी शिक्षिका होते, मग केंद्रप्रमुख झाले, विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तू लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट गटशिक्षणाधिकारी होते आहेस, आणि तेही बीड जिल्ह्यात. तू विचारलंस की तालुक्यात थोडी वर्षं झाली की धोरणाच्या कामाला, पुण्याला किंवा मंत्रालयात, जाता येईल का. जाता येईल, आणि तू जावंस असं मलाही वाटतं. फक्त तालुक्यातली वर्षं ही धोरणाच्या आधी कशीबशी काढायची वर्षं आहेत, असं मनात धरून रुजू होऊ नकोस.

मुंबईत काय ठरलं हे वस्तीवरच्या शिक्षकाला शासन निर्णय वाचून कळत नाही. सोमवारी सकाळी पंचायत समितीतून काय मागवलं गेलं, त्यावरून कळतं. गटशिक्षणाधिकारी ज्याची विचारपूस करतात ते शाळा करते. ज्याबद्दल कुणीच कधी विचारत नाही ते हळूहळू सुटत जातं, आणि त्यात कुणाची वाईट बुद्धी असतेच असं नाही. इतक्या वर्षांत माझ्या मनात पक्कं झालेलं हेच एक आहे. धोरण लिहायला तू पुढे कधी बसशील ते बसशील, पण रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून तुझ्या तालुक्याचं धोरण तूच ठरवणार आहेस.

सध्या काय मागवलं जातं ते जवळून बघ. युडायस पोर्टलची माहिती, सरल पोर्टलची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, कुठला तरी दिन साजरा केल्याचे फोटो, शपथ घेतल्याचे फोटो, दुपारी दोनपर्यंत लिंक भरा, आजच भरा. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मोबाईल घेऊन रेंज शोधत पटांगणात फिरत असला, की चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना लावता येतात. ही माहिती भरण्याला मात्र कुणी काम समजत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही. वरून आलेली प्रत्येक लिंक तुला थांबवता येणार नाही. निम्मी माहिती तुझ्या कार्यालयात आधीच असते. तुझ्या लिपिकाला ती तिथून काढायला सांग आणि शाळेकडे फक्त उरलेली माग. हा एक नियम सांभाळलास तरी तालुक्यातल्या शिक्षकांचे महिन्याकाठी कितीतरी तास वर्गात परत जातील.

मग विचारायचं काय? मूल वाचतं का, हे विचार. तेही शिक्षकाला नको, मुलाला.

शाळेत गेलीस की कार्यालयात चहाला बसू नकोस. आधी वर्गात जा आणि खाली बस. पुढच्या रांगेतली हुशार मुलं तुला पाहून हात वर करतील, त्यांना शाबासकी दे आणि भिंतीकडेला बसलेल्या मुलाशेजारी जा. त्याचं नाव विचार, घरी कोण कोण आहे, शेळ्या आहेत का, विहिरीला पाणी आहे का, असं बोल. भीती गेली की चार ओळींचा साधा उतारा त्याच्यापुढे ठेव. तो पाठ्यपुस्तकातला नसावा, कारण ऐकून ऐकून पाठ झालेला धडा मुलं बोट फिरवत घडाघडा म्हणतात आणि आपण फसतो. पाचवीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा दे. मग हातच्याची एक वजाबाकी. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर धड वाचता येत नाही असं दर वेळी दिसतं. तुझ्या तालुक्याचा खरा आकडा तुला अशा बसण्यातूनच कळेल. त्या मुलाला वाचता आलं नाही तर तिथे, मुलांसमोर, शिक्षकाला एक शब्दही बोलू नकोस. बाहेर आल्यावर एवढंच विचार, ‘याच्यासाठी पुढच्या महिन्यात काय करायचं ठरवलंय?’ आणि पुढच्या महिन्यात खरंच परत जा. साहेब त्याच मुलाचं नाव घेऊन परत येतात ही बातमी केंद्रातल्या सगळ्या शाळांत एका आठवड्यात पोचते.

असं काम खालच्या पदावरूनही मोठं होतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी होत्या. मूल स्वतः कसं शिकतं याकडे बघत बघत त्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी वर्ग बदलले, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जाऊ लागल्या. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यामागे त्या शाळांचा अनुभव होता. एका बीटमधून राज्याचं धोरण वर गेलं. आपल्या व्यवस्थेत हे होऊ शकतं, हे कायम लक्षात ठेव.

आता आकड्यांबद्दल. ३० सप्टेंबरचा पट आणि त्यावरची संच मान्यता हे शब्द तुला झोपेतही ऐकू येतील, कारण शिक्षकांची पदं त्या पटावर ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि घर सोडून दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून प्रत्यक्षात नसलेली मुलं हजेरीपटावर येतात. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना पटपडताळणी झाली, मग ऑक्टोबर २०११ मध्ये सगळ्या राज्यात एकाच वेळी तीन दिवस झाली, आणि लाखो मुलं कागदावरच होती असं उघड झालं. त्या मुलांच्या नावाचं अनुदान, आहार, पदं, सगळं खर्ची पडत होतं. नंतर आधार जोडणी आली, पोर्टलं आली. तरीही २०२५ मध्ये नागपूरचा शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ओळख क्रमांकाचा, घोटाळा बाहेर आला; तिथे कागदावर शिक्षकच उभे केले होते आणि त्यांचे पगार निघत होते. अशा प्रत्येक प्रकरणात तळाशी एक सही असते, बहुतेकदा ‘बाकीच्यांनी केली आहे म्हणून’ केलेली. मॅडम, सगळं तपासलं आहे, फक्त सही करा, असं तुला रोज कुणीतरी म्हणेल. मूळ जावक नोंदवही मागव. मान्यतेचा आदेश ज्या कार्यालयाचा असेल तिथून पडताळून घे. त्याला दोन दिवस जास्त लागले तर लागू देत. तोंडी आदेश आला तर नम्रपणे लेखी माग, आणि लेखी मिळाला नाही तर आपणच टिपणी लिहून ठेव.

बीडमध्ये मात्र या सगळ्याहून जड असा एक विषय आहे आणि त्यावर मला सविस्तर सांगायचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोच्या जोडीने मोजला जातो, आणि मागे बघायला कुणी नसेल तर मुलंही गाडीत चढतात. तिसरीतलं मूल फडात जातं, धाकट्याला सांभाळतं, वाढं गोळा करतं. उन्हाळ्यात परत येतं तेव्हा त्याचा वर्ग पुढे गेलेला असतो. पुढच्या वर्षी मोठी मुलगी स्वयंपाकासाठी आईबरोबर जाते आणि बऱ्याचदा ती कायमचीच जाते. तिच्या लग्नाची गोष्टही तिथूनच सुरू होते.

यावर शासनाची योजना आहे, आणि ती चांगली आहे: हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करते. एवढ्यावर एका मुलाचं अख्खं वर्ष वाचतं. पण त्याचा प्रस्ताव, सर्वेक्षण, छाननी, मंजुरी, निधी या रांगेत डिसेंबर उजाडला तर टोळी केव्हाच निघून गेलेली असते. आईबाप मंजुरीच्या पत्राची वाट बघत थांबत नाहीत. मुलाला मागे ठेवायचं की न्यायचं हे ते निघण्याच्या आठ दिवस आधी ठरवतात, आणि त्या दिवशी शाळेत चूल पेटलेली दिसली तरच ठेवतात. म्हणून गणपतीच्या सुमारालाच मुख्याध्यापकांकडून याद्या घे. कुठल्या मुलाचे आईबाप जाणार, आजी आहे का, आजीला दिसतं का, रात्री मुलगी कुठे झोपणार, हे नावानिशी लिहून घे. प्रस्ताव घेऊन जिल्हा परिषदेत स्वतः जा. निधी उशिरा येणार हे दिसत असेल तर ग्रामपंचायतीशी, गावातल्या किराणा दुकानदाराशी आधी बोलून ठेवायला मुख्याध्यापकांना सांग. तरीही जी मुलं जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला त्यांची पातळी कळेल. पुढे जाऊन त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला फोन कर. कार्ड पिशवीत राहतं, फोनवर मात्र माणूस शोधायला निघतो. आणि मुलं परत आली की पहिले पंधरा दिवस त्यांना कुठल्याही चाचणीला बसवू नका असं शाळांना सांग.

लहान शाळांचा प्रश्नही तुझ्यासमोर येईल. वीसहून कमी पटाच्या शाळा, त्यांचा खर्च, त्या एकत्र करून समूह शाळा. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे दाखले तुला दिले जातील. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, हे खरं आहे. पण आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे आणि त्याला कारण आहे. अहवाल मागवला गेला तर नकाशावरचं अंतर लिहून मोकळी होऊ नकोस. ऐन श्रावणात, ओढ्याला पाणी असताना, पहिलीतल्या मुलीच्या पावलाने ते अंतर चालून ये, आणि मग लिही. गाडी देऊ असं म्हणणाऱ्यांना ती गाडी कुठल्या लेखाशीर्षातून आणि किती वर्षं चालणार हे विचार. वस्तीवरची शाळा बंद झाली तर आधी मुलींची शाळा सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तू तुझं मत चालून आल्यावर बनव.

वरून निर्णय होतात आणि परत फिरतात, हेही तू पाहशील. एक राज्य एक गणवेश योजनेत कापड, शिलाई, वाटप सगळं लांबलं आणि गणवेशाचे अधिकार शेवटी शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत द्यावे लागले. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे २०२५ च्या एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले. अशा वेळी आदेशाची अंमलबजावणी कर, पण काय घडतं आहे हे वर लिहूनही कळव. किती मुलांना गणवेश मापाचा नाही, किती शाळांत पहिलीला एकच शिक्षक आहे, असं साधं, मोजलेलं. तक्रारीचा सूर नको. तुझं ते पत्र कुणी वाचणार नाही असं वाटेल. कुणीतरी वाचतं. निर्णय फिरवायची वेळ येते तेव्हा अशीच पत्रं शोधली जातात.

धोरणाच्या कामाची तुला ओढ आहे म्हणून जे. पी. नाईकांबद्दल वाच. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ते १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडत होते, पण त्याच्या कितीतरी आधी धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी गावाचं काम केलं होतं. चित्राताई नाईक राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या आणि त्यांचं मन रात्रीच्या अनौपचारिक वर्गांत, शाळेबाहेरच्या मुलींत होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. म्हणजे पालक काय करतील, का करतील, याचा विचार हुकमातच होता. मंत्रालयात गेलीस की टिपणीच्या पहिल्या पानावर हेच बघ: हे वस्तीवर कोण करणार, कधी करणार, आणि त्याने त्या दिवशी काय करायचं सोडून द्यायचं?

माणसांबद्दल थोडंच सांगते, ते तू शिकशीलच. पंचायत समितीच्या सभापतींना आणि सदस्यांना मान दे, ते निवडून आलेले असतात आणि गावाची खबर त्यांना तुझ्याआधी लागते. बदली, प्रतिनियुक्ती, ‘आपला माणूस’ यावर मात्र नियमाबाहेर जाऊ नकोस. पहिल्याच वेळी शांतपणे नाही म्हटलंस तर पुढच्या वेळा कमी होतात. शिक्षक संघटनांना वेळ देऊन भेट, त्यांच्या दहापैकी सात मागण्या रास्त असतात: थकलेली बिलं, अडकलेल्या वेतनश्रेणी, सेवापुस्तकातल्या नोंदी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांच्या पात्रता परीक्षेबद्दल निकाल दिल्यापासून वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री अभ्यासाला बसताहेत, त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात असू दे. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना नावाने हाक मार. मुलं काय खातात आणि कोण उपाशी येतं, हे शाळेत सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

मुलींच्या सुरक्षेबाबत कागदावर भिस्त ठेवू नकोस. शाळांतल्या सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय २०२२ चाच होता, पण बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४ मध्ये या समित्या खरंच आहेत का याची विचारणा राज्यभर सुरू झाली. तू गेलीस की सहावी-सातवीच्या मुलींना वेगळं बसवून विचार, त्रास झाला तर तुम्ही कुणाला सांगाल? त्यांना एकही नाव सांगता आलं नाही तर तिथे समिती नाही असं समज. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि पाणी येतं का, हे बघायला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, स्वतः जाऊन बघ.

रुजू झालीस की पहिल्या पंधरवड्यात तालुक्यातल्या सगळ्यांत लांबच्या, सगळ्यांत कमी पटाच्या आणि सगळ्यांत जास्त स्थलांतराच्या शाळांची यादी काढ आणि तिथूनच भेटी सुरू कर. रस्त्यालगतच्या शाळांत सगळे जातात. दिवाळीच्या आधी मी आठ दिवस तुझ्याकडे येईन. वसतिगृहाच्या याद्या तोवर तयार ठेव, आपण दोघी बसून एकेक नाव बघू.

तुझी,
आत्या